वेलाला फुले येतात, मग दुधी का धरत नाही?

गच्चीवर किंवा गॅलरीत दुधीचा वेल लावणाऱ्या घरांत दर पावसाळ्यात एकच तक्रार ऐकू येते. वेल जोमाने वाढतो, मांडवभर पांढरी फुले येतात, काही फुलांच्या देठाशी बोटभर लांबीचा कोवळा दुधीही दिसतो. पण चार-आठ दिवसांत तो टोकाकडून पिवळा पडतो, काळवंडतो आणि गळून जातो. मग कुणी खत वाढवते, कुणी पाणी कमी करते, तर कुणी दुकानातून कीटकनाशकाची बाटली आणून वेलावर फवारते. बऱ्याचदा वेलाला कोणताही रोग झालेला नसतो. मादी फुलापर्यंत नर फुलाचे पराग पोहोचलेलेच नसतात, एवढेच खरे कारण असते.

दुधी, भोपळा, कारले, दोडका, काकडी या वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असल्याने ते वाऱ्याबरोबर उडत नाहीत. ते एका फुलातून दुसऱ्या फुलात नेण्यासाठी कुणीतरी यावे लागते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि त्यावर मधमाश्या येतात. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते. त्याचे मुख्य पाहुणे म्हणजे अंधार पडल्यावर फिरणारे पतंग. चहूबाजूंनी फरशी घातलेल्या, रात्रभर दिव्यांनी उजळलेल्या सोसायटीत हे दोन्ही पाहुणे दुर्मीळ होतात. आणि रोग समजून फवारलेले औषध उरल्यासुरल्या पाहुण्यांनाही मारते.

यावर तात्पुरता इलाज आहे. संध्याकाळी ताजे नर फूल खुडून त्याचा परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवला की दुधी धरतो. पण हा उपाय एका वेलापुरता आहे. त्याच गॅलरीतील वांगी, मिरची, लिंबू आणि पलीकडच्या बागेतला पेरू यांना रोज कुणी हाताने पराग लावत बसणार नाही. त्यांच्यासाठी पाहुणेच परत यायला हवेत. त्यासाठी कुंडीत काय लावायचे, याचा विचार करावा लागतो.

ताटाशी असलेले नाते

ज्वारी, बाजरी, गहू आणि तांदूळ यांना कीटकांची गरज नसते. त्यामुळे मधमाश्या कमी झाल्या म्हणून पोट भरायचे थांबणार नाही. मात्र ताटातली भाकरी तशीच राहिली, तरी भाजी, कोशिंबीर आणि फळ यांवर परिणाम होईल. जगातल्या प्रमुख खाद्यपिकांचा आढावा घेऊन २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, ११५ पैकी ८७ पिके कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून, म्हणजे प्रामुख्याने कीटकांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत. आंबा, काजू, पेरू, सूर्यफूल, कारळे, भोपळा ही सगळी त्याच यादीतील मंडळी. कांद्याला माशी लागत नाही असे वाटते, पण पुढच्या हंगामासाठी कांद्याचे बी तयार व्हायचे तर तिथेही माशीच लागते.

जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व क आणि फोलेट यांचा मोठा हिस्सा याच फळभाज्यांतून मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तरीही डाळ-पालेभाजीतले लोह शरीरात नीट शोषले जाण्यासाठी सोबत लिंबू, पेरू, आवळा लागतो, हे डॉक्टर प्रत्येक गरोदर महिलेला सांगतात. ही फळे महाग झाली की ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज असते, त्यांच्याच ताटातून ती आधी नाहीशी होतात.

हार्वर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी डिसेंबर २०२२ मध्ये या नुकसानीचा अंदाज मांडला. अपुऱ्या परागीभवनामुळे जगातील फळे, भाज्या आणि सुकामेव्याच्या उत्पादनात ३ ते ५ टक्के घट होते आणि त्यामुळे आहार निकृष्ट होऊन हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि काही कर्करोगांमुळे दरवर्षी सुमारे ४ लाख २७ हजार जादा मृत्यू होत असावेत, असे त्यांचे गणित सांगते. हा गणिती प्रारूपावरून काढलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजदाद नव्हे. पण फुलावरची माशी हा आरोग्याचाही विषय आहे, हे त्यावरून लक्षात येते.

माशी म्हणजे फक्त मधमाशी नव्हे

परागीभवन म्हटले की पोळ्यातली मधमाशी आठवते. महाराष्ट्रात कडेकपारीत आणि उंच इमारतींवर पोळे लावणारी आग्या माशी, झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी, झुडपात लहानसे पोळे करणारी फुलोरी आणि डंख नसलेली इवलीशी माशी अशा मध साठवणाऱ्या जाती आहेत. पण जगात माश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती असून त्यातील बहुतेक एकट्या राहतात. कुणी जमिनीत बीळ करते, कुणी वाळलेल्या बांबूत घरटे करते. त्यांचे पोळेही नसते आणि साठवलेला मधही नसतो.

वांगी आणि टोमॅटो यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांच्या फुलातील पराग एका बंद नळीत असतात आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्र असते. काळा भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडकवता उडण्याचे स्नायू जोराने थरथरवतो आणि मीठदाणीतून मीठ सांडावे तसे पराग बाहेर सांडतात. मधमाशीला ही युक्ती जमत नाही. म्हणजे वांग्याच्या कुंडीजवळ गुणगुणणारा तो धिप्पाड भुंगा घाबरवण्यासाठी नव्हे, तर कामासाठी आलेला असतो.

देशीच का, बहुवर्षायूच का?

रोपवाटिकेत गेल्यावर डोळ्यांत भरतात ती बोगनवेल, पिटुनिया आणि गेंदेदार दुहेरी फुले. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या रंगीत ‘पाकळ्या’ म्हणजे खरे तर पानेच असतात. खरे फूल त्यांच्या मध्ये असलेली बारीक नळी. दुहेरी फुलांत अनेकदा पुंकेसरांचेच रूपांतर जादा पाकळ्यांत झालेले असते. त्यामुळे पराग कमी आणि मधापर्यंत जाण्याची वाटही बंद. अशी बाग माणसाला भरलेली दिसते, माशीला मात्र रिकामी.

देशी वनस्पती आणि इथले कीटक यांचा सहवास फार जुना आहे. फुलाच्या नळीची लांबी, उमलण्याची वेळ, मधाचे प्रमाण हे सारे एकमेकांना जुळलेले असते. फुलपाखरांच्या बाबतीत तर हे नाते आणखी घट्ट असते. फुलपाखरू अनेक फुलांवरचा मध पिते, पण त्याची अळी ठरावीक झाडांचीच पाने खाते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले निळे-काळे ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. त्याचे भाऊबंद असलेले कॉमन मॉरमॉन कढीपत्त्यावरही वाढते. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी होताना हिरवी होते. तिने कढीपत्त्याची दहा-वीस पाने खाल्ली तर झाड मरत नाही. नवी पालवी फुटते. ज्या बागेत एकही पान कुरतडलेले नाही, त्या बागेत फुलपाखरू जन्मालाच येत नाही.

बहुवर्षायू झाडांचा फायदा वेगळा आहे. हंगामी फुले दोन-तीन महिने फुलून मरतात आणि मधल्या काळात कीटकांना उपवास घडतो. एकदा रुजलेले झुडूप दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास फुलते. त्याची मुळे खोल जातात, पाणी कमी लागते आणि माती वरचेवर उकरावी लागत नसल्याने जमिनीत राहणाऱ्या माश्यांची घरटीही मोडत नाहीत.

परदेशी म्हणजे सगळेच वाईट, असेही नाही. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून मिळणारे व्हिंक्रिस्टिन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाते. झेंडू मेक्सिकोचा असला तरी दसऱ्याचे तोरण त्याच्याशिवाय होत नाही. ही झाडे खुशाल असावीत, पण बागेचा पाया देशी असावा. घाणेरी मात्र लावू नये. तिच्यावर फुलपाखरे येतात हे खरे, पण पक्ष्यांमार्फत तिचे बी रानात पसरते आणि तिथली मूळची झुडपे ती गिळून टाकते.

बारा महिन्यांचा शिधा

निवड करताना ‘कोणते फूल सुंदर’ यापेक्षा ‘कोणत्या महिन्यात काय फुलेल’ हा प्रश्न आधी विचारावा. महाराष्ट्राच्या हवामानात पुढील झाडांनी वर्षाचा बराच भाग भरून निघतो.

पावसाळ्यात निर्गुंडीला निळसर-जांभळे तुरे येतात आणि त्यांवर माश्यांची झुंबड उडते. शतावरीची बारीक, सुवासिक पांढरी फुलेही याच सुमारास येतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत पारिजातक रात्री फुलतो. त्याची पांढरी फुले आणि सुवास हे रात्रीच्या पतंगांना दिलेले आमंत्रण असते.

पावसाळा सरल्यावर कोरांटी फुलते. पिवळी, पांढरी, निळी अशा तिच्या अनेक जाती असून मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी तिच्यावर येतात. पिवळ्या कोरांटीला काटे असतात, म्हणून ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी. थंडीच्या मध्यापासून अडुळसा पांढऱ्या फुलांनी भरतो. त्याच्या ओठासारख्या पाकळीवर भुंगा अगदी चपखल बसतो. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी धायटीही लावावी. सह्याद्रीत सर्वत्र दिसणाऱ्या या झुडपाच्या लालभडक फुलांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंजीर आणि मधमाश्या तुटून पडतात.

उन्हाळ्यात खरी टंचाई असते. तेव्हा कढीपत्त्याचे पांढरे गुच्छ, कुंपणाला लावलेली करवंद आणि सह्याद्रीच्या रानातली कुसर उपयोगी पडतात. अबोली बहुतेक वर्षभर थोडीथोडी फुलत राहते, त्यामुळे ती मधली पोकळी भरून काढते.

आणि तुळस. मंजिरी आली की खुडायची, ही घराघरातली पद्धत. त्याने झाड पसरते आणि जास्त टिकते हे खरे. पण सगळ्या मंजिऱ्या न खुडता निम्म्या ठेवल्या तर सकाळच्या उन्हात लहान माश्या त्यांवर हमखास दिसतात. यासाठी नवे काही विकत आणावे लागत नाही.

जागा कमी असेल तर अडुळसा, कोरांटी, अबोली आणि तुळस कुंडीत चांगली येतात. कढीपत्त्याला मोठी कुंडी किंवा पिंप द्यावे. एकेक जातीचे एकच रोप लावण्यापेक्षा एकाच जातीची तीन-चार रोपे जवळजवळ लावावीत. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच प्रकारच्या फुलांवर फिरते, त्यामुळे तिला असा पुंजका सोयीचा पडतो.

रोपे जंगलातून किंवा पठारावरून उपटून आणू नयेत. अडुळसा आणि निर्गुंडी यांच्या फांद्यांचे तुकडे जून-जुलैमध्ये सहज रुजतात. बाकीच्यांसाठी सामाजिक वनीकरण विभागाच्या किंवा कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांत चौकशी करावी. विचारताना शास्त्रीय नाव सोबत ठेवावे, कारण बाजारातल्या नावांचा घोळ असतो. सोसायट्यांत कुंपणाला उभा असणारा उंच ‘अशोक’ आणि लाल-केशरी फुलांचा सीताअशोक ही दोन अगदी वेगळी झाडे आहेत, हे सर्वात परिचित उदाहरण. रोपाला मुळातून शोषले जाणारे कीटकनाशक दिले आहे का, हेही विचारावे. असे औषध झाडभर पसरून फुलातील मध आणि परागापर्यंतही पोहोचू शकते. या गटातील तीन औषधांच्या उघड्यावरील वापरावर युरोपीय संघाने २०१८ साली बंदी घातली आहे.

आरोग्याच्या चार शंका

पहिली शंका ॲलर्जीची. फुलझाडे लावली तर दमा वाढेल का? बहुतेकदा नाही. कीटकांकडून वाहून नेले जाणारे पराग जड असल्याने ते हवेत फार तरंगत नाहीत. शिंका आणि दमा यांना कारणीभूत ठरणारे पराग प्रामुख्याने गवतासारख्या, वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींचे असतात. त्यांच्या जोडीला गाजर गवत आहे. ते त्वचेवरही चट्टे उठवते, म्हणून ते दिसताच, हातमोजे घालून, फुलण्याआधीच उपटावे.

दुसरी शंका डंखाची. फुलावर मध शोधणारी माशी सहसा डसत नाही. पोळ्याला धोका वाटला तर डसते. मधमाशीचा काटा त्वचेत अडकला तर तो नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढावा आणि जागेवर बर्फ लावावा. मात्र अंगभर गांधी, ओठ-जिभेला सूज, धाप, चक्कर यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते. एकाच वेळी खूप डंख झाले असतील तर ॲलर्जी नसतानाही मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून अशा रुग्णालाही दाखवलेच पाहिजे. इमारतीवरचे आगेमोहोळ स्वतः जाळायला किंवा धुरी द्यायला जाऊ नये. प्रशिक्षित माणसाला बोलवावे.

तिसरी शंका विषाची, आणि ती रास्त आहे. देशी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. कळलावीचे फूल कितीही देखणे असले तरी तिच्या कंदातील कोल्चिसिन प्राणघातक असते. रुईवर फुलपाखरे वाढतात, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. अशा वेळी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर, हृदयाची लय बिघडवते. घरात लहान मुले असतील तर ही झाडे नकोत. अडुळसा दारात आहे म्हणून गरोदरपणात त्याचा काढा परस्पर घेऊ नये.

चौथी शंका डासांची. कीटकांसाठी पाण्याची ताटली ठेवावी, पण ती उथळ असावी आणि तिच्यात खडे टाकावेत, म्हणजे माश्यांना बसायला जागा मिळते. ती एक दिवसाआड रिकामी करून घासावी. डेंग्यूचा डास अंड्यातून पूर्ण वाढायला साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो, त्यामुळे हा क्रम पाळला तर ताटलीत डास वाढत नाहीत. कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हाच नियम लागू आहे.

बाटली उचलण्यापूर्वी

बागेतून पाहुणे घालवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फवारणी. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके कीटकाच्या मज्जासंस्थेतील एक विकर बंद पाडतात. तेच विकर माणसाच्या मज्जासंस्थेतही असते. त्यामुळेच अशा विषबाधेच्या रुग्णाला घाम, लाळ, धाप, स्नायूंची थरथर ही लक्षणे दिसतात, आणि म्हणूनच ग्रामीण भागातील सरकारी रुग्णालयांना हे रुग्ण नवे नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ही घटना महाराष्ट्राला आठवत असेल. शेतावर निदान पीक वाचवण्याचा नाइलाज असतो. गॅलरीत चार कुंड्यांसाठी, मूल रांगते तिथे, भाजी खुडायची तिथे असे औषध मारण्यात कोणताच नाइलाज नसतो.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाने पुसावीत. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेल संध्याकाळी, फुले वगळून वापरावे. दोन-चार पाने सोडून द्यायची तयारी ठेवली तर बाकीचे काम कोळी, चतुर आणि चिमण्या करतात.

त्याबरोबर जागेचीही थोडी सोय करावी. अंगण असेल तर सगळीकडे फरशी न घालता हातभर माती उघडी ठेवावी. जमिनीत राहणाऱ्या माश्यांना तेवढी पुरते. कोपऱ्यात वाळलेले बांबू किंवा जुना ओंडका ठेवला तर भुंगा तिथे घर करतो. रात्री गरज नसताना गॅलरीतला दिवा बंद ठेवावा, म्हणजे पतंग दिव्याभोवती फिरून थकण्याऐवजी फुलांकडे जातात.

लहान माश्यांची भरारी काही शे मीटरचीच असते. म्हणून एका घरातल्या चार कुंड्या पुरेशा नाहीत, असे वाटू शकते. पण शेजारच्या गॅलरीत अडुळसा, समोरच्या शाळेच्या कुंपणाला करवंद आणि पलीकडच्या देवळात पारिजातक असेल, तर मिळून एक वाट तयार होते. अडुळशाची फांदी शेजाऱ्याला देणे हा त्यातला सर्वात स्वस्त उपाय.

सुरुवात याच पावसाळ्यात करता येईल. एक अडुळसा, एक कोरांटी, एक पारिजातक किंवा कढीपत्ता लावावा, तुळशीच्या निम्म्या मंजिऱ्या राखाव्यात आणि फवारणीची बाटली बाजूला ठेवावी. पहिल्या वर्षी दुधीला हातानेच पराग लावावे लागतील. झुडपे रुजून फुलू लागली, की एखाद्या संध्याकाळी गॅलरीतला दिवा मालवून दुधीच्या पांढऱ्या फुलाकडे थोडा वेळ पाहत बसावे. पंखांची थरथर दिसली तर त्या फुलासाठी हाताने काही करावे लागणार नाही.